एकशे सतरा नंबरची नळी

गौरेश : नाय. ही गोष्ट बाबांका सांगूची नाय. औषधांचा काय ता सांग, इंजेक्शनांचा सांग. ही नाय.

सेजल : गौरेशदादा, डॉक्टरांनी मला त्यासाठीच पाठवलंय. घरची मुलगी आहेस, नीट समजावून सांग म्हणाले. टीबी नाही, हे सांगितल्याशिवाय औषधं बदलायची कशी?

गौरेश : टीबी होतो, तो बरो झालो. आता हो नवो जंतू लागलो. इतक्याच सांग आणि गप ऱ्हव.

सेजल : पण तसं झालेलं नाही.

गौरेश : कोणाक कळतला? तुझो कॉम्प्युटर हयसर नार्व्यात येवन सांगतलो?

सेजल : मला कळलंय ना! हे बघ, थुंकीचे दोन नमुने आहेत. एक मामांचा, मी स्वतः दिवाळीनंतर नेला तो. दुसरा जुना, सतरा महिन्यांपूर्वीचा, नंबर एकशे सतरा. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये पडून होता. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. वेगळे वाटणारे जंतू आम्ही असे ठेवून देतो आणि पुरेसे साठले की सगळ्यांचा जीनोम एकदम वाचायला लावतो.

गौरेश : जीनोम म्हणजे काय ता माझ्यासारख्याक कळात असा सांग.

सेजल : त्या जंतूचं सगळं लिखाण म्हण. चोपन्न लाख अक्षरं आहेत ह्याची. ती वाचली की जात कळते, आणि कोण कोणाच्या किती जवळचा तेही कळतं. गेल्या आठवड्यात निकाल आला. एकशे सतरा आणि मामांचा नवा नमुना, दोघांत फक्त चार अक्षरांचा फरक. मला वाटलं, माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली. सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग एकशे सतरा कोणाचा ते बघायला जुनं रजिस्टर काढलं. धाकू, वय एकसष्ट, नार्वे.

गौरेश : म्हणजे सुरवातीपासून होच?

सेजल : अगदी पहिल्या दिवसाचं मी शपथेवर सांगणार नाही, तेव्हाचा नमुना कोणी ठेवलेला नाही. पहिल्या डॉक्टरांनी नुसती थुंकी लावलेली काच बघितली. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा आणि हा, दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात. पण एकशे सतराच्या दिवसापासून हाच, हे नक्की.

गौरेश : आणि हो एकाचो दुसऱ्याक लागणा नाय.

सेजल : नाही. तो मातीत असतो, पाण्यात असतो. तुझ्या-माझ्या अंगावरून रोज जातो. मामांची फुप्फुसं खाणीवरच्या धुळीनं आधीच खराब झालेली, तिथे त्याला जागा मिळाली.

गौरेश : मगे तूच इचार कर. आवय शेवटचे बारा दिवस भितर खाटीर होती. बाबा पडवेत, जनेलाच्या ह्या बाजून. तोंडार फडको बांदून. तिची किडनी गेल्ली, तेच्यात आपलो टीबी तिका नको म्हणून भितर पाय ठेवूक नाय. ती हाका मारी. सरणाकडेसुद्धा लांब रवले, माडाच्या बुडात. आता तू जावन सांगतलंस, ता सगळा फुकट होता म्हणून?

सेजल : ते मामीचं विचारतील. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

गौरेश : तेंचो जीव जायत सेजल.

सेजल : आणि तू त्यांना वर्षभर काय म्हणत होतास, ते?

गौरेश : ता कित्याक काढतंस आता?

सेजल : गोळ्या घेत नाहीत, नदीत टाकतात म्हणून.

गौरेश : डॉक्टर म्हणालो, गोळ्यो घेतल्यार फरक पडूकच व्हयो. तुयेच्या फॅक्टरीतून शिफ्ट करून मी हयसर येय, तर हेंचो खोकलो होतो तसोच. रिकामी पाकिटां दाखवीत माका. मी म्हटलंय, पाकिटां कोण पण रिकामी करीत! शेजाऱ्यांसमोर म्हटलंय. बापाक खोटारडो म्हटलंय मी.

सेजल : मग त्यांना तेवढं तरी कळायला नको?

गौरेश : चल. पण आवशीचा नाव तू आपणाहून काढू नको.

(घराची पडवी. आतल्या खोलीचं दार कुलूपबंद, शेजारी गजांचं जनेल, म्हणजे खिडकी. गौरेशचे वडील धाकू बाकावर बसले आहेत; लांब एक कदेल, म्हणजे खुर्ची. सेजल त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी.)

धाकू : ये गो सेजल. थयच बस, त्या कदेलार. मुद्दाम वाऱ्याच्या वरच्या बाजूक ठेवलंय, म्हणजे माझो खोकलो तुझ्याकडे येवचो नाय.

सेजल : मी तुमच्याजवळ बसते मामा.

धाकू : अगो, काय करतंस? कदेल थय ठेव. गौरेश, सांग हिका!

गौरेश : बसांदे बाबा.

धाकू : लग्नाची पोरगी ती, उद्या खोकूक लागली तर तुझी आत्या माका सोडीत? उठ बघू.

सेजल : मामा, तुम्हाला टीबी नाही.

धाकू : बरो झालो?

सेजल : दुसराच जंतू आहे. टीबीच्या जातकुळीतला, पण टीबी नव्हे. मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे म्हणतात त्याला.

धाकू : येवढा मोठा नाव? आमच्या खाणीच्या मॅनेजराचा पण येवढा नव्हता. म्हणजे मोठो माणूस आसा खयतरी.

सेजल : मोठा नाही, चिवट आहे. औषधं बदलायला लागतील. नव्या गोळ्या, आणि सुरुवातीला काही दिवस इंजेक्शनं. थुंकी स्वच्छ झाल्यावरही वर्षभर घ्यायची. पूर्ण बरं होईलच असं मी म्हणत नाही, पण आता औषध तरी योग्य मिळेल.

धाकू : आणि आदल्यो गोळ्यो?

सेजल : त्या टीबीसाठी होत्या. ह्याला त्या पुऱ्या पडत नाहीत. तुम्ही सगळ्या घेतल्या असतील तरी हा गेला नसता.

धाकू : "घेतल्या असतील" नाय. घेतल्यो. एक चुकवक नाय. गौरेश, आयकलंस?

गौरेश : आयकलंय बाबा.

धाकू : मूत लाल होय माझा त्या गोळ्यांनी. परसात जावन मी स्वतः बघी. नदीत टाकलेल्या गोळ्यांनी माणसाचा मूत लाल होता काय रे?

गौरेश : चुकला माझा.

धाकू : तुझ्या आवशीक पण मी दाखवी, ह्या जनेलातसून पाकीट. ती म्हणा, माका कित्याक दाखवतास, माका ठावक आसा.

सेजल : मामा, पाणी देऊ?

धाकू : नको. माका एक सांग. हो जंतू लागणा काय?

सेजल : नाही. माणसाकडून माणसाला नाही.

धाकू : पोरांका?

सेजल : पोरांनाही नाही.

धाकू : म्हणजे नातीक, गौरवीक, मी घेतलंय तरी चलात? चार वर्सांची झाली ती. माका फोटोत वळखता आणि हयसर इल्यार फाटकाकडसून हात करता.

गौरेश : उद्याच क्षमाक आणि पोरीक घेवन येतंय.

धाकू : येवांदे. सेजल, आणि गेल्या शिगम्याक?

गौरेश : तेव्हा टीबी होतो बाबा. तेव्हाची गोष्ट वेगळी.

धाकू : मी तुका इचारूक नाय. कागद हिच्या हातात आसत. बोल गो. तुझी मामी पार्वती भितर होती आणि मी हयसर होतंय, तेव्हा माझ्या छातीत कोण होतो? तो काय हो?

सेजल : हाच, मामा.

धाकू : नक्की?

सेजल : शिगम्याच्या सात महिने आधीचा तुमचा नमुना आमच्याकडे होता. त्यात हाच आहे. दोनदा बघितलं मी.

गौरेश : सेजल, पुरे!

धाकू : तू गप ऱ्हव. सात म्हयने आदी तुमच्याकडे होतो, मगे तेव्हाच कित्याक सांगूक नाय कोणी?

सेजल : ते सांगायलाच मी आलेय. खरं म्हणजे हे गौरेशदादालाही अजून सांगितलेलं नाही. एकशे सतरासमोर रजिस्टरात एक शेरा आहे. "नमुना दूषित, पाण्यातला जंतू मिसळला असावा, पुन्हा पाठवावा." तो मी लिहिलाय.

गौरेश : तू?

सेजल : मला नोकरीला लागून तेव्हा तीनच महिने झाले होते. हा जंतू पाण्यात असतो आणि लोक नमुना देण्याआधी चूळ भरतात. म्हणून तो उगवला की आम्ही धरूनच चालायचो, नळाच्या पाण्यातून आला. वरचे सगळे तसंच लिहायचे, मीही लिहिलं. दुसऱ्यांदा तोच उगवला तर आजार समजायचा, असा नियम आहे. दुसरा नमुना कधी आलाच नाही आणि का आला नाही हे मी विचारलं नाही. एक फोन केला असता तर...

गौरेश : आणि हयसर डॉक्टर माका म्हणालो, रिपोर्ट खराब इलो, गोळ्यो चालू ठेवा, बापाकडे लक्ष दी. आणि मी लक्ष दिलंय! आवय थय मरा होती आणि तुझ्या त्या नळयेवर नंबर घालून ठेवलेलो!

सेजल : हो.

गौरेश : नाव वाचूक येय नाय तुका? आपल्या मामाचा नाव!

सेजल : नळीवर नव्हतं. रजिस्टरात होतं, मी बघितलं नाही. माझी चूक आहे. दुसऱ्या कोणाची सांगून मला सुटायचं नाही.

धाकू : चूळ भरलेली मी.

सेजल : काय मामा?

धाकू : नर्सबाय म्हणाली, तोंड धुवन ये. नळार गेलंय, चांगली दोनदा चूळ भरली. रिपोर्ट बरो येवांदे म्हणून देवाचा नाव घेतला आणि आणखी एकदा भरली.

सेजल : तुमची त्यात काही चूक नाही. चूळ भरायलाच सांगतात.

धाकू : चूक कोणाची ता मी इचारूक नाय. मी तुका दुसराच सांगतंय. ती जावच्या चार दिवस आदी, सांजवेळची, मी हयच बसान चाय पी होतंय. ह्या पेल्यातली. माझो पेलो वेगळो, माझी ताटली वेगळी. जनेलाच्या गजांतसून तिचो हात भायर इलो. म्हणाली, माका चाय बंद केल्यानी, तुमच्यातली घोटभर दिया. घोटभर. तिका पाणीसुद्धा मापून होता, ता ठावक आसा माका. पण ती चायसाठी नव्हती मागत.

गौरेश : बाबा, ऱ्हवांदे.

धाकू : मी पेलो उठवलंय आणि चाय त्या आंगणात ओतली. तिच्यादेखत. म्हटलंय, तुका काय मरूचा आसा माझा उष्टा पिवन? तसाच म्हटलंय, मोठ्यान. तिणा हात भितर घेतल्यान. मगे दुसऱ्या दिसापर्यंत बोलूक नाय माझ्याशी.

सेजल : मामा...

धाकू : तो घोट मी दिलो असतो तर काय झाला असता?

सेजल : काही झालं नसतं.

धाकू : भितर जावन बसलंय असतंय तर? बारा दिवस?

सेजल : काही झालं नसतं, मामा. तुमच्यापासून मामीला काहीही झालं नसतं.

धाकू : बरा झाला सांगलंस.

सेजल : माझ्यावर रागवा. मला दोन शब्द बोला तरी.

धाकू : राग आसा. नाय असा नाय. येवढो वेळ आतल्या आत तोच गिळतंय. पण तू आज येवन माझ्या बाजूक बसलंस. दोन वर्सांत कोण बसूक नाय. ता पण खरा आसा, आणि राग पण खरो आसा. दोनय ऱ्हवतले.

गौरेश : बाबा, मी पण बसलंय असतंय. माझ्या पोरीच्या भयान...

धाकू : तू बरोबर केलंस. माका पण तसाच वाटा होता. सेजल, त्या वहीतला तुझा लिवलेला, ता तसाच ऱ्हवतला?

सेजल : रजिस्टरात खोडता येत नाही. खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची आणि सही करायची.

धाकू : लिवलंस?

सेजल : नाही अजून. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

धाकू : मगे उद्या गेल्यार पयलो ता काम कर. काय लिवतलंस, वाचून दाखय माका.

सेजल : "नमुना एकशे सतरा दूषित नव्हता. रुग्णाच्या फुप्फुसातलाच जंतू. नव्या नमुन्याशी जीनोम जुळतो. आधीचा शेरा चुकीचा." आणि माझी सही.

धाकू : रुग्णान सगळ्यो गोळ्यो घेतल्यो, ता पण घाल.

सेजल : ते प्रयोगशाळेच्या रजिस्टरात...

गौरेश : घाल म्हणतत तर घाल!

सेजल : घालते. तुमच्या फाईलमध्येही घालायला डॉक्टरांना सांगते.

धाकू : आणि आणखी अशे नंबर असतीत मां त्या तुमच्या फ्रीजरात? तेंची पण नावां वाच. घरांत तेंच्या पण कोण जनेलाकडे बसलेला असात.

सेजल : एकोणीस आहेत. सोमवारपासून एकेकाला फोन करणार आहे.

धाकू : कर. गौरेश, भितरल्या दाराची चावी खय आसा?

गौरेश : माझ्याकडे. कित्याक बाबा?

धाकू : तिची खाट अजून थयच मां?

गौरेश : थयच आसा. हलवक नाय आमी.

धाकू : दार उघड. मी वायच तिच्या खाटीर जावन बसतंय. आणि सेजल, तू चाय ठेव गो. माझ्याच पेल्यात दी. घोटभर जास्ती घाल.