एक टोला जास्त

(हॅडनकोप गावातलं छोटं दगडी चर्च. नोव्हेंबरातली दुपार. हेस्टर ही इथली वॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारी. गिल्बर्ट हा शेजारच्या वेक्सलीतल्या मोठ्या चर्चचा वॉर्डन. तो पाळकबाई युनिस यांना घेऊन आला आहे. चार गावांच्या चार चर्चना मिळून एक पाळक हवा आहे. अर्ज एकच आला, तो युनिसबाईंचा. उद्या त्यांची मुलाखत.)

गिल्बर्ट : ...आणि छप्पर गळत नाही, पाळकबाई. थोडी ओल आहे, पण गळत नाही.

हेस्टर : मग ती बादली काय मी शोभेला ठेवलीय?

गिल्बर्ट : अगं हेस्टर, पाहुण्या आत्ता कुठे दारातून आत येतायत. दम धर की जरा.

हेस्टर : पावणेदोन वर्षं पाळकाशिवाय दमच धरलाय. या बाई, बसा. तिकडे नको, तो बाक ओला आहे.

युनिस : तुमच्या जाहिरातीत 'उबदार मंडळी' असं लिहिलं होतं.

हेस्टर : मंडळी उबदार आहेत. हीटर बंद आहे. कोट काढू नका.

युनिस : आणि वेदीवर ही प्लॅस्टिकची चादर?

गिल्बर्ट : वटवाघळं, बरं का. कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही. शनिवारी त्यांची घाण झाडून घ्यायची, रविवारी परत तेच.

हेस्टर : दर रविवारी न चुकता हजर असतात ती तेवढीच. चहा घ्या. थर्मासमधला आहे, पण गरम आहे. आणि हा आल्याचा केक. गिल्बर्ट, तुला एकच तुकडा. तुझी साखर वाढलीय.

गिल्बर्ट : बघितलंत? बायकोला सांगत नाही ते हिला कळतं.

युनिस : हा घंटेचा दोर वाटतं?

गिल्बर्ट : हात नका लावू! म्हणजे, अजून नको. रुजू व्हायच्या दिवशी पाळकानं स्वतः वाजवायची. तुम्हाला ठाऊकच असेल.

युनिस : जितके टोले, तितकी वर्षं तो पाळक टिकतो.

गिल्बर्ट : हां! आमच्याकडे फार मानतात. मागचे पाळक पिमसाहेब आले तेव्हा सगळं गाव बाहेर बोटं मोजत उभं. अकरा टोले दिले माणसानं! आम्ही पबमध्ये जाऊन त्यांच्या नावानं बिअर प्यायलो.

युनिस : आणि टिकले किती?

हेस्टर : चार. दर रविवारी चार चर्च, चार उपासना. गाडी चालवता चालवता सँडविच खायचे. इथे आले की एक पाय आत, एक बाहेर. माझ्या हातचा चहा कधी बसून प्यायले नाहीत. शेवटी एकदा बसले, त्या पायरीवर, आणि रडायलाच लागले बिचारे.

गिल्बर्ट : हे आजच सांगायची काही गरज होती का?

युनिस : बरं झालं सांगितलंत. मी मागच्या ठिकाणी सहा टोले दिले होते. सातव्याला दोर हातातून सुटला.

हेस्टर : मग?

युनिस : सहा वर्षं झाली आणि चर्च विकलं. आता तिथे व्यायामशाळा आहे. वेदी होती तिथे लोक आरशासमोर वजनं उचलतात.

गिल्बर्ट : अरेरे.

युनिस : मी एकदा आत जाऊन बघून आले. परत नाही गेले. म्हणून तर या वेळी आधीच अट घातली. गिल्बर्टनी तुम्हाला सांगितलंच असेल.

हेस्टर : कसली अट?

गिल्बर्ट : केक घ्या ना, पाळकबाई. अजून एक घ्या.

हेस्टर : गिल्बर्ट.

गिल्बर्ट : सांगणार होतो गं. संध्याकाळी फोनच करणार होतो.

युनिस : तुम्ही तर मला म्हणालात, हॅडनकोपची काही हरकत नाही.

गिल्बर्ट : हरकत नसावी, असं म्हणालो.

हेस्टर : बाई, त्याला सोडा. तुम्ही सांगा.

युनिस : सांगते. रविवारी मी एकच उपासना घेणार, वेक्सलीत. ज्याला यायचंय त्यानं तिथे यावं. बाकीचे दिवस मी लोकांच्यात. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, मेंढ्यांच्या गोठ्यात, जिथे असतील तिथे. गाडी हाकणारी पाळक मला व्हायचं नाही. आणि हॅडनकोप फक्त प्रसंगापुरतं उघडायचं. नाताळ, सुगीचा सण, लग्न, दफन.

हेस्टर : इथे शेवटचं लग्न झालं ती नवरी आता आजी झालीय. म्हणजे दफनच.

युनिस : हो. बहुतेक दफनच.

हेस्टर : आणि एरवी कुलूप.

युनिस : कुलूप. छप्पर पक्कं नाही. प्रसंग असला की टेकू लावून उघडतील. एरवी विमावाले कुणाला आत जाऊ देणार नाहीत.

हेस्टर : मलाही?

युनिस : तुम्हालाही.

हेस्टर : गिल्बर्ट, तुला हे सगळं ठाऊक होतं. उद्या मला मुलाखतीच्या टेबलाशी बसवून, सगळ्यांच्या देखत माझ्याकडून 'हो' काढणार होतास.

गिल्बर्ट : काढणार होतो, हो! मग काय करू? तीनदा जाहिरात दिली. पहिल्यांदा कुणी फिरकलं नाही. दुसऱ्यांदा एक आला, घर बघितलं आणि गेला. या बाईंना इथे राहायचंय, हेस्टर. आपल्यात! चारही चर्चनी हो म्हणायला हवं, एकानं नाही म्हटलं की संपलं. मग बिशपचं ऑफिस आपल्याला शहरातल्या चर्चच्या गळ्यात बांधून मोकळं होईल. मी सत्त्याहत्तरचा. दोन्ही गुडघे गेलेत. मेणबत्त्या मी लावायच्या, पन्हळीतली पानं मी काढायची, प्रार्थना मी सांगायची. माझ्यामागे कोण आहे? तुझ्यामागे तरी कोण आहे?

हेस्टर : माझ्यामागे कुणी नाही. ते मला ठाऊक आहे.

गिल्बर्ट : तसं नव्हतं गं म्हणायचं मला.

हेस्टर : म्हणालास खरं.

युनिस : हेस्टरबाई, पाळक नाही तर मग इथे रविवारी काय होतं?

हेस्टर : तीन वाजता मी घंटा वाजवते. संध्याकाळची प्रार्थना वाचते. मोठ्यानं.

युनिस : कोण कोण येतं?

हेस्टर : उन्हाळ्यात येतात दोघं-तिघं. आता मीच. एकट्यानं वाचली तर ती उपासना होत नाही म्हणतात, निदान दोघं तरी हवीत. मी इकडे आत, आणि भिंतीपलीकडे डॉब. झाले दोघं.

युनिस : डॉब?

गिल्बर्ट : हिचा नवरा. मार्चमध्ये गेला. आपण आलो ना, फाटकाजवळ ती ताजी कबर.

युनिस : त्यावर दुसरं नाव होतं. लाकडी फळीवर. थिओफिलस.

हेस्टर : ते कागदावरचं. बापाच्या नांगराच्या घोड्याचं नाव डॉब. घोडा मेला, नाव याला चिकटलं. तेव्हा हा सहा वर्षांचा. त्याला थिओफिलस म्हणून कुणी हाकच मारली नाही. आईनं नाही, मास्तरांनी नाही, मी नाही. दगडावरसुद्धा डॉब घालू देत नाहीत. टोपणनावं चालत नाहीत म्हणे.

युनिस : दफन कुणी केलं?

हेस्टर : शहरातून एकाला पाठवलं होतं. तरुण होता. बूट अगदी चकचकीत. त्या दिवशी त्याचं ते तिसरं दफन. त्याच्या हातात कागद होता, कागदावर होतं ते तो वाचत गेला. थिओफिलस चांगला शेतकरी होता. थिओफिलसला मेंढ्यांची पारख होती. थिओफिलस, थिओफिलस.

गिल्बर्ट : डॉबच्या भावाला कमी ऐकू येतं. तो केवढ्यानं म्हणाला, "आपण चुकीच्या दफनाला तर आलो नाही ना?" सगळं चर्च हसलं.

हेस्टर : मीही हसले. गंमतच होती ती. घरी जाऊन डॉबचे बूट पुसायला घेतले, तेव्हा हसू गेलं.

युनिस : कुणी त्या पाळकाला सांगितलं नाही?

गिल्बर्ट : मधेच? उपासना चालू असताना?

हेस्टर : आमच्यात उठून बोलत नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि नंतर चहा पितात.

युनिस : माझी आई बार्बाडोसची. तिच्या दफनात पाळक तिचं वय चुकला, तर तीन बायका उभ्या राहून ओरडल्या. एकीनं तर पुस्तकच हिसकावून घेतलं.

हेस्टर : तुमचं नशीब.

युनिस : आणि कबर भरेपर्यंत कुणी हललं नाही. गात उभे होते सगळे.

हेस्टर : इथे सगळे हॉलमध्ये गेले, सँडविचं खायला. गिल्बर्टचा पुतण्या छोटं यंत्र घेऊन माती लोटायला आला. मी थांबले. तो म्हणाला, काकू, थंडी आहे, जा ना. मी म्हटलं, तू तुझं काम कर.

गिल्बर्ट : तू थांबली होतीस? मला वाटलं, तू घरी गेलीस.

हेस्टर : तुला सँडविचं वाटायची होती.

गिल्बर्ट : हेस्टर, मला खरंच ठाऊक नव्हतं गं.

हेस्टर : बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या मुलाचा दोष नाही. पण त्यानं देवाच्या हवाली केलं ते थिओफिलसला. माझ्या डॉबला कुणी हवाली केलंच नाही. म्हणून मी दर रविवारी इथे येते. प्रार्थना संपली की मोठ्यानं म्हणते, डॉब. एवढंच. तुम्ही कुलूप लावलंत की तेही बंद.

गिल्बर्ट : अगं, देवाला सगळं ठाऊक असतं.

हेस्टर : बिशपच्या ऑफिसातली बाईही फोनवर हेच म्हणाली. तिला मी विचारलं, तुझ्या नवऱ्याला भलत्या नावानं पुरलं असतं तर? तिनं फोन ठेवला.

युनिस : माझं प्रार्थनेचं पुस्तक गाडीत राहिलंय. तुमचं द्याल? आणि चला बाहेर.

हेस्टर : कशाला?

युनिस : त्याच्याकडे. राहिलेलं काम करून टाकू.

हेस्टर : उद्याच्या 'हो'साठी?

युनिस : उद्या तुम्ही 'नाही' म्हणा. खुशाल म्हणा. मी उद्या संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, तुमच्यावर राग न धरता. हे आजचं आहे.

गिल्बर्ट : मी इथेच थांबू का?

हेस्टर : तू चल. शाळेपासूनचा मित्र ना त्याचा? (तिघं बाहेर कबरीपाशी येतात.) टोपी काढ. आणि त्या बाजूला पाय नको देऊस, माती अजून बसलेली नाही.

युनिस : इकडे उभं राहू?

हेस्टर : इथे. त्याचं डोकं या बाजूला आहे.

युनिस : हे प्रभू, तुझा सेवक डॉब, याला आम्ही तुझ्या हाती सोपवतो. हेस्टरचा नवरा डॉब. आणखी काय होता तो? मला सांगा, मी म्हणते.

हेस्टर : जेवताना बोलायचा नाही.

युनिस : जेवताना गप्प बसणारा डॉब.

गिल्बर्ट : उधार घेतलेली शिडी कधी परत न करणारा. अजून त्याच्या गोठ्यात आहे ती.

युनिस : गिल्बर्टची शिडी ठेवून घेणारा डॉब.

हेस्टर : आजारात मला उठवायचा नाही. रात्रभर जागा राहायचा, पण उठवायचा नाही.

युनिस : बायकोची झोप न मोडणारा डॉब. प्रभू, हा तुझ्या कळपातला आहे. याला याच नावानं हाक मार. आमेन.

गिल्बर्ट : आमेन.

युनिस : हेस्टरबाई?

हेस्टर : म्हणते. जरा थांबा. आमेन.

गिल्बर्ट : हा रुमाल घे. धुतलेला आहे.

हेस्टर : तू जा रे, गाडी सुरू कर. हीटर लाव. बाईंचे ओठ निळे पडलेत.

गिल्बर्ट : जातो. हेस्टर, शिडी राहू दे हं तिथेच.

हेस्टर : जा म्हटलं ना. बाई, उद्या मी हो म्हणणार आहे.

युनिस : घाई नका करू. रात्रभर विचार करा.

हेस्टर : रात्री कसला विचार होतो? मी तरणीताठी असते तर नाही म्हणून भांडले असते. चारी चर्चशी भांडले असते. पण आता मला रविवार नको, मला पुरायला ओळखीचं माणूस हवं. दोन्ही मिळत नाही, हे कळलं मला आज. शेवटचा रविवार मात्र माझा. घंटा मीच वाजवणार, आणि कुलूपही मीच लावणार.

युनिस : त्या दिवशी मी येईन. मागच्या बाकावर बसेन.

हेस्टर : मागचा ओला आहे. पुढे बसा. तुम्ही रुजू व्हाल ते वेक्सलीत ना?

युनिस : निवडलं तर, हो.

हेस्टर : पश्चिमेचा वारा असला की तिथली घंटा इथपर्यंत येते. किती टोले द्यायचे ठरवलंय?

युनिस : ठरवून देतात का?

हेस्टर : सगळे ठरवूनच देतात आणि हात दुखेपर्यंत दिल्याचं नाटक करतात. मी एक्याऐंशीची आहे. तुम्ही माझ्यापेक्षा एक टोला जास्त द्या.

युनिस : ते किती, हे मला कसं कळणार?

हेस्टर : मलाही ठाऊक नाही. गिल्बर्ट 'पुरे' म्हणेल, त्याच्यापुढे एक द्या.

युनिस : देईन. आणि तुमचं नाव? तुम्हाला सगळे हेस्टरच म्हणतात?

हेस्टर : सगळे.

युनिस : आणि डॉब?

हेस्टर : तो हेट म्हणायचा. दार लावल्यावर. चारचौघांत कधी नाही.

युनिस : हेट.

हेस्टर : आत्ता नको, बाई. तेव्हा.