बोटीचं गाऱ्हाणं

कृष्णनाथ : ते सगळं ठीक आहे. पण रिव्हर्सचा हॉर्न कुठे आहे?

श्रीनाथ : बोटीक रिव्हर्सचो हॉर्न नसता, सायबानूं. जुनी घेवा, नाय तर नवी घेवा.

कृष्णनाथ : मग मागे येताना कुणाला कळणार कसं? आमच्या खाणीत टिपर मागे यायला लागला की अर्ध्या डिचोलीला कळायचं.

श्रीनाथ : तळ्यात तुमच्या मागे कोण असतलो?

कृष्णनाथ : मागे कुणी नसतं तेव्हाच अपघात होतात. सुमंगला, लक्षात ठेव, हॉर्न नाही.

सुमंगला : ठेवलं. टायर नाहीत, हे मघाशीच ठेवलंय. आणखी काय काय नाही ते एकदमच सांगा, म्हणजे डोक्यात जागा करता येईल.

श्रीनाथ : वैनीनूं, तुमी सावळेत बसा. ह्या केरीच्या खाडीवरचा ऊन वायट.

कृष्णनाथ : फायबर वाजतंय मात्र ठणठणीत. पण आत ही कोंबडी का बसलीय?

श्रीनाथ : ती मुद्दाम बसवलंय. कोंबडी ओल्यात अंडी घालणा नाय. बोटीत थेंब पाणी येणा नाय, हेचो आणि कसलो पुरावो होयो?

कृष्णनाथ : मुद्दा बरोबर आहे.

सुमंगला : बोट माडाखाली आहे. माडाखाली आमचा दगडी रगडासुद्धा बुडत नाही.

श्रीनाथ : वैनी बोलूक हुशार असत.

कृष्णनाथ : घरी याहून हुशार असते. तुम्ही इंजिनाचं सांगा.

श्रीनाथ : इंजिनाचा काय सांगतलंय? एका झटक्यात सुरू जाता.

कृष्णनाथ : मग मारा एक झटका.

श्रीनाथ : आज संकष्टी.

सुमंगला : इंजिनाला उपास?

श्रीनाथ : माका. उपाशी पोटी हातात जोर येणा नाय. पण सायबानूं, डिचोलेत दर्या नाय. तुमी बोट चलवतलास खंय?

कृष्णनाथ : आमच्या गावामागे तळं आहे.

सुमंगला : खड्डा.

कृष्णनाथ : तळं. आधी तिथे खाण होती, मी सुपरवायझर होतो. मग खाण बंद पडली. पाऊस काही बंद पडला नाही. तळं झालं.

सुमंगला : उभी नोकरी खड्डा खणण्यात गेली. आता निवृत्तीत त्याच्यावर तरंगायचं आहे.

श्रीनाथ : तळ्याचो मालक कोण?

कृष्णनाथ : तीच तर सोय आहे. एका ऑफिसात गेलो, ते म्हणाले, पाणी आहे म्हणजे ही खाण नव्हे. दुसऱ्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले, खाण आहे म्हणजे हे पाणी नव्हे. परवानगी कुणाकडे मागायची हेच कुणाला ठाऊक नाही. मग नाही म्हणणार कोण?

श्रीनाथ : आणि मगर बिगर?

कृष्णनाथ : एक आहे. पण ती पलीकडच्या काठाला असते.

सुमंगला : तिला कुणी सांगितलंय, अलीकडे यायचं नाही म्हणून?

कृष्णनाथ : इतकी वर्षं आली नाही.

सुमंगला : इतकी वर्षं तुम्ही पाण्यात नव्हता.

श्रीनाथ : भियां नाका. बोटीबरोबर लाइफ जॅकेट फुकट देतंय. एकच असा, पण बरा असा.

कृष्णनाथ : एक पुरे. ही पाण्याकडे फिरकत नाही.

सुमंगला : मी त्या बोटीत पाय घालणार नाही. मुळात मी आलेय ती यांनी बोट घेऊ नये म्हणून.

श्रीनाथ : कित्याक, वैनीनूं? हौस असा तेंची.

सुमंगला : श्रीनाथभाऊ, यांची हौस तुम्हाला ठाऊक नाही. निवृत्त झाल्यापासून हे माझ्या स्वयंपाकघरात ड्यूटी लावतात. मी तांदूळ धुवायला घेतले की मागे उभे. पाणी किती घातलंस? खिडकी कशाला उघडलीस? परवा सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. मिठाच्या डब्यावर 'मीठ'. मला मीठ ओळखता येत नाही, अशी तक्रार कुणी केली होती?

कृष्णनाथ : सिस्टिम लागते.

सुमंगला : ऐकलंत? एक सिस्टिम घरात आहेच. आता तिच्या जोडीला बोटीची. तेलकट फडकी माझ्या मोरीत, स्पॅनर माझ्या फ्रिजवर. मला माझं स्वयंपाकघर परत पाहिजे, दुसरं काही नको.

कृष्णनाथ : बोट मी घेणार आहे, सुमंगला. ठरलंय ते.

सुमंगला : घ्या. मग गाऱ्हाणं घालून घ्या.

श्रीनाथ : गाऱ्हाणा? कित्याक? पेपर असत मा.

सुमंगला : पेपर असू देत. आमच्याकडे गाय आणली, स्कूटर आणली, मिक्सर आणला, गाऱ्हाण्याशिवाय काही आत घेतलं नाही. देणाऱ्याने आपल्या हद्दीच्या देवाला, राखणदाराला, सांगायचं, वस्तू अशी अशी आहे, अमक्याला देतोय, तुझ्या हद्दीतून मोकळी कर. नारळ मी घरूनच आणलाय.

कृष्णनाथ : तो नारळ? मला वाटलं, वाटेत कुणाला द्यायचा आहे.

श्रीनाथ : पण वैनीनूं, राखणदारासमोर...

सुमंगला : काय राखणदारासमोर?

श्रीनाथ : काय नाय. राखणदारासमोर खोटा बोलूक जाणा नाय. इतक्याच.

कृष्णनाथ : खोटं बोलायची गरजच काय? तुम्ही आम्हाला सगळं सांगितलंय.

श्रीनाथ : सांगितलंय मा. पण तां माणसांक सांगितलंय.

(केळीच्या पानावर नारळ, विडा. कृष्णनाथ चपला काढून उभा राहतो. जन्म खाणीच्या बुटांत गेल्यामुळे खाडीची वाळू त्याला गुदगुल्या करते, आणि चेहरा गंभीर ठेवणं त्याला जड जातं.)

श्रीनाथ : बा देवा राखणदारा, तेरेखोलच्या खाडीच्या धन्या! ही बोट, जिका माज्या चेडवाचा 'सुविधा' असा नाव घातलंय, ती आज तुजी हद्द सोडून डिचोलेच्या हद्दीत जाता रे म्हाराजा!

कृष्णनाथ, सुमंगला : होय म्हाराजा!

श्रीनाथ : बोट तशी बरी असा रे म्हाराजा!

सुमंगला : 'तशी' म्हणजे कशी, ते त्याला सांगा.

श्रीनाथ : ...इंजिन एका झटक्यात सुरू जाणा नाय रे म्हाराजा. खांदो निखळासर ओढूचा लागता. मगे सुरू जाता. मगे बंद पडता.

सुमंगला : होय म्हाराजा!

कृष्णनाथ : होय म्हारा... एक मिनिट.

सुमंगला : मध्ये बोलू नका. ते तुमच्याशी बोलत नाहीत.

श्रीनाथ : बुडाक उजव्या बाजूक चीर असा, तिका डांबर लावलंय. कोंबडी शेजाऱ्याची. तुमी येतास म्हणान सकाळीच मागून हाडलंय रे म्हाराजा!

सुमंगला : होय म्हाराजा!

श्रीनाथ : ह्याच बोटीतसून पर्यटकांक डॉल्फिन दाखवूक व्हरी. एकदा डॉल्फिन काय येयना, तेवां लांबसून तरंगतो टायर दाखवलंय. तेणी हात जोडले रे म्हाराजा!

कृष्णनाथ : म्हणजे टायर होता.

सुमंगला : होय म्हाराजा! चालू द्या.

श्रीनाथ : आणि बोट घेतल्यापसून दुपारी मी कधी घराक जेवलंय नाय. सकाळी कार्बोरेटर खोलूचो, सांजेक बंद करूचो. जेवणाचो डबो बोटीत, झोप बोटीत. माजी बायल रत्ना बोटीच्या नावान बोटां मोडी. पण तीच शेजारणीक सांगी, बोट इल्यापसून घर कसा शांत झाला रे म्हाराजा!

सुमंगला : थांबा.

श्रीनाथ : वैनीनूं, गाऱ्हाण्यात थांबूचा नसता.

सुमंगला : राखणदार समजून घेईल. सकाळपासून म्हणजे? चहा झाल्यावर?

श्रीनाथ : चायेच्या आधी.

सुमंगला : आणि परत?

श्रीनाथ : काळोख पडल्यार.

सुमंगला : रोज?

श्रीनाथ : आयताराक सुद्दां.

सुमंगला : अहो, आपण ही बोट घेऊया.

कृष्णनाथ : काय? अगं, तिला चीर आहे.

सुमंगला : बुजवा सावकाश.

कृष्णनाथ : इंजिन सुरू होत नाही.

सुमंगला : लगेच व्हायलाच पाहिजे असं कुठे आहे? खोला, पुसा, परत लावा. एकेका बोल्टावर नाव चिकटवा. डबा मी तळ्यावर पोचता करीन. पापडसुद्धा घालीन वेगळ्या पिशवीत.

कृष्णनाथ : मला नको ही बोट. श्रीनाथराव, एवढी गुणाची आहे तर तुम्ही विकता कशाला?

श्रीनाथ : रत्ना मुरगावाक गेली. थंय आमच्या चेडवाक, सुविधाक, मूल झाला. ती म्हणता, आता हयच रवतंय, तुमका बोट असा मा सोबतीक. सायबानूं, घरात कोण होता तेवां घराभायर पडाक बरा दिसा. आता घरात कोणच नाय. मग मी पळतलंय कोणापसून?

कृष्णनाथ : हं.

श्रीनाथ : बोट विकून मुरगावाक जातलंय. थंय पाळण्याक तेलपाणी करूक माणूस होयो असतलो.

सुमंगला : पाळण्याचं इंजिन तरी खोलू नका.

श्रीनाथ : चला, माजा झाला. आता घेणाऱ्यान सांगूचा. कित्याक होयी, तां.

कृष्णनाथ : मी? मी तर नको म्हणतोय.

सुमंगला : मग नको का, तेही सांगावं लागेल. नारळ मांडलाय. तसाच उचलता येत नाही.

कृष्णनाथ : बरं. बा राखणदारा, मी डिचोलीचा कृष्णनाथ. तळ्यावर फिरावं, चार लोकांनी बघावं, एवढ्यासाठी बोट बघायला आलो.

श्रीनाथ : खरा सांगूचा, सायबानूं. माज्या कोंबडीचा बिंग फुटला, तुमचाव कायतरी फुटांदे.

कृष्णनाथ : ...खाणीवर दिवसभर माणसं असायची म्हाराजा. ओरडायला, चहाला, भांडायला. आता दुपारी घरात एकच माणूस. तेही स्वयंपाकघरात. उगाच आत जाऊन उभं राहिलं तर विचारते, काय पाहिजे? काय पाहिजे ते सांगता येत नाही. मग तांदळात पाणी किती घातलंस, विचारतो. मला काय कळतंय तांदळातलं?

श्रीनाथ : होय म्हाराजा!

कृष्णनाथ : डबे संपले. नावं चिकटवायला आता काही उरलं नाही. म्हणून म्हटलं, बोट घ्यावी.

श्रीनाथ : होय म्हाराजा! वैनीनूं, तुमीव म्हणा. नाय तर गाऱ्हाणा अर्धा रवता.

सुमंगला : होय म्हाराजा.

कृष्णनाथ : हळू म्हणालीस. त्याला ऐकू गेलं नसेल.

सुमंगला : ज्याला जायचं त्याला गेलं. फोडा तो नारळ.

श्रीनाथ : हो बघा, फुटलो. दोन भकलां, अगदी सारकी. बरा झाला.

कृष्णनाथ : मग? घ्यायची म्हणतेस?

सुमंगला : आधी ती कोंबडी उतरवा. शेजाऱ्यांची आहे, परत द्यायला हवी.

श्रीनाथ : आवय गे! वैनीनूं, खरोखरच अंडा घातल्यान!

कृष्णनाथ : म्हणजे आतून कोरडी आहे. मी म्हणत होतो.

सुमंगला : अंडंही शेजाऱ्यांना द्या. श्रीनाथभाऊ, ते लाइफ जॅकेट एकच आहे म्हणालात ना?

श्रीनाथ : एकच. पण बरा असा.

सुमंगला : आणखी एक बघा. माझ्या मापाचं.