जिवंत बापाच्या स्मरणार्थ

...आणि वर मलाच सांगतो, "डॅड, हात लावू नकोस, बोटांचे ठसे उमटतात." अरे, गाडी कोणाची? सत्तर साली मी घेतली, मी चालवली, मी धुतली, आणि आता तिच्या दाराला मी टेकलो की हा फडकं घेऊन धावतो, जसं काही बापाने नाही, डुकराने अंग घासलंय. बरं, तेही सोसलं असतं. पण ती पाटी... तुम्हाला सांगतो, ती पाटी बघितलीत तर तुम्हीही माझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहाल. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, गाडीच्या पुढ्यात, काळ्या चौकटीत, वर माझा फोटो, डोक्यावर केस होते त्या काळातला, आणि खाली सोनेरी अक्षरांत, 'माझे प्रिय वडील लायल होस्टेटलर यांच्या स्मरणार्थ'. आणि पाटीच्या मागे, घडीच्या खुर्चीवर, हॉट डॉग खात कोण बसलंय? लायल होस्टेटलर. सगळं कसं रीतसर, आणि मी आपला जिवंत.

आता दोष तसा माझाच म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी माझं हृदय बंद पडायला आलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली, पास्टर हात धरून प्रार्थना करून गेले, सूनबाई टॅमीने तर मयताच्या जेवणासाठी हॅमसुद्धा सांगून ठेवला, आणि माझा ड्वेन, वाढदिवसाला फोन करायचा तर तोही बायकोने नंबर लावून दिल्यावर, तो ड्वेन उशाशी बसून ढसाढसा रडत म्हणतो, "डॅड, तुझी गाडी मी होती तशी करीन, तुझी आठवण म्हणून, शपथ." मी डोळे मिटून ऐकत होतो. बरं वाटलं हो. इतकं बरं वाटलं की मी बराच झालो. तो हॅम ईस्टरला सगळ्यांनी मिळून खाल्ला, मी दोनदा वाढून घेतला. पण शपथ ती शपथ. आमच्याकडे माणूस एक वेळ मोडला तर चालतो, शपथ मोडत नाहीत.

झालं, सुरू झाला गाडीचा जीर्णोद्धार. कोठारात ताडपत्रीखाली सुखाने पडली होती बिचारी. एके दिवशी बघतो तर चाकं नाहीत, मग दारं नाहीत, मग इंजिन नाही... मी टॅमीला म्हटलं, अगं हा गाडी दुरुस्त करतोय की खाटीकखाना चालवतोय? सहा वर्षं एकेक स्क्रूसाठी ओहायोपासून टेक्सासपर्यंत फोन. का, तर स्क्रू त्याच सालचा पाहिजे. गाडीच्या पोटाखाली आरसा ठेवलाय, का, तर लोकांना पोट दिसलं पाहिजे. मी इतकी वर्षं चालवली, मला कधी तिचं पोट बघावंसं वाटलं नाही. आणि कळस सांगतो. कारखान्यात कुणा कामगाराने घाईघाईत आत खडूने एक फुली मारली होती म्हणे. कोण तो, काय तो, देवाला ठाऊक. ती फुली याने जुने फोटो बघून, जिभेचं टोक बाहेर काढून, जशीच्या तशी गिरवली. आणि मार्लीनचा पोचा? तो ठोकून सपाट.

मार्लीन म्हणजे माझी बायको, ड्वेनची आई, आता नाही ती. गाडी घेतली त्याच उन्हाळ्यात बेकमनच्या आइस्क्रीमच्या टपरीवर गेलो होतो, गाडी ती चालवत होती, एका हातात व्हॅनिलाचा कप, आणि मागे बघायचं सोडून माझ्याकडे बघत काहीतरी सांगत होती... धाड. सिमेंटचा खांब. मागचा डावा कोपरा आत. उतरली, नीट बघितलं, आणि मला म्हणते, "लायल, हा खांब कालपर्यंत नव्हता." तो पोचा मी कधी काढला नाही. घरात भांडण झालं की जाऊन त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा राहायचो, ती खिडकीतून बघायची, तिला हसू यायचं, मिटलं भांडण. ड्वेनला म्हटलं, तेवढा राहू दे. तर म्हणतो, "डॅड, कारखान्यातून आली तेव्हा तो नव्हता." मी म्हटलं, कारखान्यातून आली तेव्हा तूही नव्हतास. पण ऐकतोय कोण.

मला हवं काय होतं सांगा. एकदा, फक्त एकदा, स्वतः चालवत बेकमनच्या टपरीपर्यंत जायचं. "डॅड, रस्त्यावर खडी असते." रस्त्यावर खडी नसेल तर काय मखमल असेल? एवढी दांडगी गाडी, गुरगुरली की शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद व्हायच्या, ती आता ट्रेलरवर चढून जाते, दवाखान्यात नेतात त्या गाईसारखी.

तर मागच्या उन्हाळ्यात असेच काउंटीच्या मैदानावर प्रदर्शनाला गेलो. एक बाई आल्या, पाटी वाचली, डोळे पुसले, मला विचारतात, "तुम्ही ओळखत होतात का हो यांना?" मी म्हटलं, थोडंफार. "कसे होते?" म्हटलं, माणूस चांगला होता, शेवटी शेवटी मुलाने फार छळलं. तर माझ्या हातावर थोपटून म्हणतात, "चला, सुटले बिचारे." ते सुटले, आणि मी आपला जिवंत.

संध्याकाळी निघायची वेळ झाली आणि ट्रेलरवर गाडी ओढून घेणारी मोटर बंद पडली. आता गाडी चालवत चढवायला हवी. ड्वेन आत बसला, चावी फिरवली, क्लच सोडला, गचका, बंद. परत गचका, परत बंद. माणसं जमली. तुम्हाला सांगतो, सहा वर्षं या पठ्ठ्याने गाडीचा कण न् कण चाटूनपुसून लखलखीत केला, पण चालवली कधी? कधीच नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "डॅड, तू जरा..."

मी उठलो. त्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठे निघालात?" म्हटलं, मयताची गाडी आहे, पोचवून येतो.

ट्रेलर समोर होता, खोटं कशाला बोलू. पण हात आपोआप फाटकाकडे वळले. फाटक गेलं, रस्ता लागला, खडी लागली, ती गुरगुरली, आणि मी... जाऊ दे, काय सांगू. रडलो. मागे आरशात ड्वेनची पिकअप, तिच्यामागे रिकामा ट्रेलर खडखडत.

टपरीवर मी व्हॅनिला घेऊन पांढऱ्याशुभ्र सीटवर बसलो होतो तेव्हा तो पोचला, लालबुंद. मी आतून दार उघडलं, म्हटलं, बस. त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग बूट काढले, मांडीवर घेतले, आणि नुसत्या मोज्यांवर बसला. मी कप पुढे केला. दोन चमचे खाल्ले, एक थेंब सीटवर पडला, त्याच्याच हातून. त्याने थेंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुसला नाही. मी त्याला सांगत होतो, तुझी आई इथे होती आणि मी तू बसलायस तिथे, आणि सांगता सांगता रिव्हर्स टाकला... धाड.

मुद्दाम केलंत का, असं तुम्ही विचारणार. हे बघा, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मान वळत नाही, आणि खांब कालपर्यंत नव्हता.

ड्वेन उतरला. मोज्यांवर, खडीत. कोपऱ्याशी उकिडवा बसला. मी मनात म्हटलं, लायल, आज ती पाटी खरी होते. तो बराच वेळ त्या पोच्यावर पंजा ठेवून बसला, आणि वळून न बघता म्हणाला, "डॅड, आईचा जरा खाली होता."



पोचा अजून काढलेला नाही. प्रदर्शनात गुण कापतील म्हणे, तर म्हणतो, कापू देत. रविवारी आम्ही टपरीवर जातो, मी चालवतो, तो मोज्यांवर. काल मी म्हटलं, बाबा रे, एवढं केलंस, आता ती पाटी तेवढी काढ. तर काय म्हणाला असेल? "राहू दे की डॅड, पुढेमागे लागेलच."

घ्या. गाडी तयार, पाटी तयार, फोटो तयार... आणि मी आपला जिवंत.