म्हशीपुढचा सराव

नातीला म्हणे शाळेत शिकवतात, मनातलं कसं बोलायचं, जीव घाबरला की काय करायचं. चांगलंय की. लहानपणी आम्हालाही शाळेत उंब्रजच्या बाईंनी शिकवलं होतं. फक्त त्याला म्हैस लागायची.

माझी सातवी झालेली. मला कराडला पुढं शिकायचं होतं आणि दादा, म्हणजे माझे वडील, स्थळं बघत होते. त्यांच्यापुढं उभी राहिले की मला रडूच फुटायचं. बाई म्हणाल्या, "आधी म्हशीला सांग. ती मधे बोलत नाही. गळा दाटला की थांब, पोटभर श्वास घे, मग पुढचं बोल."

मग रोज वैरण टाकताना मी म्हशीला सांगायची, "दादा, मला एवढ्यात लगीन न्हाई करायचं. मावशीकडं राहून शिकते." आधी तिच्यापुढंही रडले. ती रवंथ करत राहिली. हळूहळू आवाज कापायचा थांबला.

एका सकाळी दादांपुढं गेले. "दादा, मला..." एवढं म्हणाले आणि गळा दाटला. थांबले. श्वास घेतला.

दादा तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "घे, दम घे. पुढं मावशीकडं ऱ्हायाचं हाय न्हवं?"

"तुमास्नी कसं ठावं?" मी विचारलं.

"गोठ्याच्या कुडामागनं रोज ऐकतोय. म्हशीला समदं सांगतीस, मला कवा सांगणार म्हणून वाट बघत हुतो. बोल आता."

बोलले. सगळं, न रडता.

दिवाळीच्या सुट्टीत कराडहून घरी आले, तर आई हळूच म्हणाली, "आता तुजं दादा माझ्यावर रागावलं, की आधी गोठ्यात जाऊन येत्यात."