कोरडा तुकडा

—ती वाटी होय? मांजराची, श्रीपतराव. दुधात कुस्करलेली भाकरी, दुसरं काय असणार! लिहा तुमच्या प्लेगच्या वहीत— घरात माणूस एक, कमळाबाई, वय पंचावन्न, ताप नाही, गाठ नाही. मुलगा धनाजी रिसाल्याबरोबर बाहेरगावी. सून नीरा माहेरी. मांडवीत उंदीर मरून पडायला लागले, त्याच दिवशी धाडली तिला. बसा ना, उभ्यानं काय लिहिता.

मांजराला दूधभाकरी म्हणून हसताय ना? हसा. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, या घरात मांजराला कोरडंच मिळतं. आमचे हे पागेच्या दाणाकोठीवर होते, तिथला कायदाच तो— कोरडा तुकडा, तोही अर्धपोटी. ओलं खाणारं मांजर चुलीपाशी लोळतं, कोरडं खाणारं उंदीर मारतं. नीराला हेच सांगून माझं तोंड दुखलं. ऐकेल तर शपथ! म्हणे, "सासूबाई, घशात अडकतं हो तिच्या." मांजराच्या घशात! पदराआड वाटी न्यायची, बोटानं चाटवायची. मांजरही असं लबाड— तुकडा माझा मोडायचं नि निजायचं तिच्या पायाशी. साथ आली तशी मी ठणकावलं, आता ओलं बंद, घरात एक उंदीर राहता कामा नये. दूध फडताळात कोंडलं, किल्ली कमरेला. आणि चौथ्या दिवशी मारला की हो मांजरानं! एवढा थोरला. पण मांजर शिकार कुणाकडं नेतं, ठाऊक आहे? ज्याच्यावर जीव, त्याच्याकडं. माझ्याकडं कशाला येईल? नीराच्या उशापाशी नेऊन ठेवला. पोरीनं शेपटीला धरून उचलला, हसली, म्हणाली, "घ्या, तुमचंच खरं झालं." आणि तिसऱ्या दिवशी अंग—

काय? माहेरी केव्हा गेली मग? सांगितलं ना मघाशी. उंदीर पडले त्याच... नाही, म्हणजे नंतर. तुम्ही लिहू नका हो सगळं, बाईमाणूस बोलताना चुकतं.

मांजर दाखवू? असेल माळ्यावर. नाहीतर शेजारी गेलं असेल. ...काल मेलं, श्रीपतराव. परसात पुरलं मी.

थांबा! आत नका जाऊ. तुमच्या छावणीत नेलेलं माणूस परत आलेलं पाहिलंय का कुणी? धनाजी जाताना म्हणाला, आई, नीराला सांभाळ. एवढंच म्हणाला. मी मांजर उपाशी ठेवलं, श्रीपतराव, दुसरं काही केलं नाही हो मी. गळ्याशी गाठ आलीय तिच्या, कोरडं उतरतच नाही. सकाळपासून चार घास गेले, तेही भिजवून भिजवून.

माणसं कोपऱ्यावरच उभी आहेत ना तुमची? कळलं मला. तुम्ही ओट्यावर थांबा. मोकळ्या केसांनी चारचौघांत जायचं तिला कधी आवडलं नाही— तेवढी वेणी घालते. जा म्हणते ना! जा बाहेर.