उमेदवार बोलेल तेच

आदरणीय अध्यक्ष दामले सर, व्यासपीठावर बसलेले मामलेदारसाहेब, गुरुजन, पुढच्या ओळीतल्या सयाजीदादांच्या आई बनुकाकी, माझ्या मैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सयाजीदादा सकपाळ! कोणाचे नाव राहिले असेल तर आत्ताच सांगा. मागाहून कळले की माझ्या जिवाला घोर लागतो.

लहानपणी देवी आल्या आणि दादांची दृष्टी गेली, हे आपण जाणता. मॅट्रिक झाले तर सरकार अंध विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती देणार होते. नाहीतर त्यांच्या गावी, वरंधला, गुरांची दावी वळत बसणे होतेच. परीक्षेत दादांनी सांगायचे आणि लेखनिकाने लिहायचे. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा, असा नियम. सरांनी मला उभे केले. आमच्या तुडीलच्या घरात पाटीला हात लावणारी मी पहिली. चुकले तर दाखवणारे घरी कोणी नाही, म्हणून मी नियम घट्ट धरते. पर्यवेक्षक म्हणाले, "उमेदवाराच्या तोंडून येईल तेच लिही. एक शब्द कमी नको, एक जास्त नको."

मराठीला निबंध होता, 'माझे गाव'. मी काय लिहिले, ऐका. "वरंधवरून घाट चढतो. जरा थांब गो, घसा सुकला. हा घाट चढून लोक भोरला जातात. अगो, पानी दे म्हनतो ना!"

हसा, हसा. पण वरंधला पाण्याची केवढी टंचाई, असे त्या परीक्षकांना वाटले नसेल का?

गावची अर्धी वाट चालून गेल्यावर माझ्या लक्षात आले, दादा पाणी माझ्याकडे मागत होते. मी कोणाला बोलले नाही. जूनमध्ये निकाल लागला. सगळे विषय सुटले, मराठीत तेहतीस. दोन गुण कमी.

मग मात्र रडत सरांकडे गेले आणि सगळे सांगितले. दादा तिथेच बसले होते. सर म्हणाले, "ऑक्टोबरला चांगला हुशार लेखनिक देऊ."

दादा म्हणाले, "नको सर. हुशार पोरगा माझं सुधारून लिवंल. मग पास कोन, मी का तो? हिच्या हातून माझी तहान पन सुटली नाय. हीच पायजे." आणि मला म्हणाले, "पन गो, आता बोट वर केलं की लिव, खाली केलं की पानी दे."

ऑक्टोबरला मराठीत एकसष्ट मिळाले. शिष्यवृत्तीच्या अर्जाखाली छापले होते, 'वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे.' दादांनी विचारले, "साहेब, वाचता आला असता तर ह्यो अर्ज कशाला केला असता?" मामलेदारसाहेब, आपण अर्ज मोठ्याने वाचून दाखवलात, 'वाचला' खोडून 'ऐकला' केलेत आणि शेजारी सही ठोकलीत. आपल्या त्या एका शब्दाचे आम्ही ऋणी आहोत.

उद्या दादा पुण्याला कॉलेजात जातील. तिथे पुस्तके वाचून दाखवायला माणूस मिळणार आहे म्हणे. त्याने दादांशी वाद जरूर घालावा, पण त्यांचे म्हणणे परस्पर सुधारू नये.

एक राहिले. त्या दिवशी मी नुसती रडले, क्षमा मागितलीच नाही. दादा, तुमचे कॉलेजचे एक वर्ष माझ्यामुळे गेले. मला माफ करा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, आभारी आहे. या भाषणातला शब्द न् शब्द माझा आहे, दादांनी काही सांगितलेले नाही. तेव्हा जे चुकले असेल, त्याचे गुण या वेळी माझेच कापा.