नऊ पर्यायांचं कोष्टक

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाने दवाखान्यांसाठी पेशंटचे नंबर लावायचं ॲप बनवलं होतं.

"ताई, स्टोअरवर टाकलं तर ते तीस टक्के कापतात गं."

"मग स्वतःच्या वेबसाइटवर विक."

"तिथे तीनच टक्के जातात, पण तिकडे फिरकणार कोण?"

"चार महिने हेच दळण दळतोयस. या महिन्यात एकही विकलं नाहीस, तर बाबा तुला काकांच्या ऑफिसात नेऊन बसवणार आहेत."

"म्हणून तर कोष्टक केलंय. नऊ पर्याय आहेत, बघ ना."

"माझा दात ठणकतोय, तेवढं पुरे आहे मला."

काउंटरवरच्या बाईंनी वहीतून डोकं वर काढलं.

"अहो दादा, ते नंबरांचं ॲप आम्हालाच द्या की. या वहीने जीव नकोसा केलाय. केवढ्याला?"

"दोन हजार. पण मॅडम, तुम्हाला स्टोअरवरून सोयीचं पडेल की वेबसाइटवरून?"

"आत्ता रोख देते ना."

"रोख? रोख कोष्टकात नाहीये."

"चालेल हो बाई, पळेल! आणा इकडे," बहिणीने हात पुढे केला.

"ताई, थांब जरा. रोखीवर कमिशन किती बसतं?"

"तीस टक्के. माझे."